टीडीएस कापायचा कुणाचा, किती आणि कधी? (पगारी पोरं, पॉलिशवाला, फिटिंगवाले, सगळे एकाच शेडमध्ये)

रंधा_पटाशी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज डोक्याला ताप झालाय म्हणून धागा काढतोय. भोसरीला आमची फर्निचरची छोटी शेड आहे, मालकी माझ्या एकट्याच्या नावावर. २०२४-२५ ला उलाढाल पहिल्यांदाच एक कोटीच्या वर गेली, १ कोटी १८ लाख. पेढे वाटले वगैरे सगळं झालं. आता गेल्या आठवड्यात सीए सहज म्हणाल्यासारखा म्हणतो, एप्रिलपासून टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापताय ना? मी म्हटलं कुणाचा? तर तो फोनवर गप्पच झाला.

माणसं अशी आहेत. ६ जण महिन्याच्या पगारावर, सगळ्यात जास्त सुपरवायझरला ४५,०००. एक पॉलिशवाला आहे, स्क्वेअर फुटावर काम करतो, स्वतःची दोन पोरं घेऊन येतो, त्याला दर महिन्याला २५-२९ हजार जातात. फिटिंगला एक भागीदारी फर्म आहे, ऑगस्टमध्ये त्यांचं ८५,००० अधिक जीएसटीचं बिल झालं. थ्रीडी ड्रॉइंग करून देणारी एक मुलगी आहे, घरून काम करते, महिन्याला ८,०००. टेम्पोवाला खेपेवर. यातल्या कुणाचा एक रुपयाही कापलेला नाहीये. टॅन नंबर (टीडीएस भरायला लागतो तो) पण परवा काढायला टाकलाय. सप्टेंबर २०२५ तर संपला. किती मोठा खड्डा पडलाय ते सांगा, झोप लागत नाहीये.

बिनपगारी_फुलअधिकारी

घाबरू नका हो. एका वेळचं बिल ३० हजाराच्या आत असेल तर टीडीएस लागतच नाही. पॉलिशवाला सुटला तुमचा. आमच्याकडे सगळे २९,५०० चीच बिलं बनवतात.

खतावणी

फुलअधिकारी, हे अर्धवट ज्ञान घेऊन लोक फिरतात आणि मार्चमध्ये आमच्याकडे रडत येतात. (मी १४ वर्षं हीच हमाली करतेय, छोट्या धंदेवाल्यांची पुस्तकं लिहिते, पेरोल करते.) ठेकेदाराच्या टीडीएसचं कलम १९४सी, त्याला दोन मर्यादा आहेत. एका बिलाला ३०,००० च्या वर गेलं तर लागतो, किंवा वर्षभराचे मिळून १ लाखाच्या वर गेले तर लागतो. दोन्हीतलं काहीही एक झालं की झालं. तुमची ती २९,५०० ची चार बिलं म्हणजे १,१८,०००, संपला विषय.

रंधा दादा, आधी टक्केवारी सोडा. आधी प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहा की हा नोकर आहे की ठेकेदार. लोक उलट करतात, टक्के कुठे कमी पडतात ते बघून माणसाला त्या खान्यात बसवतात.

तुमचे ६ जण नोकर. त्यांना पगाराच्या टीडीएसचं कलम १९२ लागतं. ते उलाढाल बघत नाही, तुम्ही पहिल्या वर्षी पहिला माणूस ठेवला तेव्हापासून लागू होतं. एक कोटीची अट बाकीच्या कलमांना आहे. पण पगाराचा टीडीएस वर्षाच्या अंदाजी उत्पन्नावर निघतो, आणि नवीन रिजीममध्ये (आयकराच्या नव्या पद्धतीत) यंदा, २०२५-२६ ला, १२ लाखापर्यंत रिबेट (करमाफी), वर ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट वजावट), म्हणजे पगारदाराला १२ लाख ७५ हजारापर्यंत शून्य. तुमचा सुपरवायझर वर्षाला ५ लाख ४० हजार. शून्य. बाकीचे त्याच्या खालीच. तिथे खड्डा नाही.

ठेकेदारांसाठी वैयक्तिक मालकी असेल तर *आधीच्या* वर्षाची उलाढाल बघतात. धंद्याला १ कोटी, प्रोफेशनला ५० लाख. २०२४-२५ ला तुम्ही ओलांडली म्हणून २०२५-२६ पासून जबाबदारी. २०२४-२५ मध्ये जे दिलं त्याला हात लावायची गरज नाही, कारण २३-२४ ला तुम्ही कोटीच्या आत होता. बरोबर ना?

पॉलिशवाल्याचे महिनावार आकडे टाका, हिशोब करून देते.

रंधा_पटाशी

ताई देवासारख्या आलात. हो, २३-२४ ला ९१ लाख होते. पॉलिशवाला: एप्रिल २५,०००, मे २५,०००, जून २८,०००, जुलै २७,०००, ऑगस्ट २९,०००, सप्टेंबर २८,०००. बँकेतूनच दिलेत सगळे.

खतावणी

एकूण १,६२,०००. जूनपर्यंत ७८,००० म्हणजे लाखाच्या आत. जुलैच्या पेमेंटला १,०५,००० झाले, तिथे मर्यादा ओलांडली. ओलांडली की फक्त वरच्या ५,००० वर नाही, पहिल्या रुपयापासून सगळ्यावर लागतो. माणूस एकटा (इंडिव्हिज्युअल) म्हणून १ टक्का. तर जुलैमध्ये १,०५० कापायला हवे होते, ऑगस्टला २९०, सप्टेंबरला २८०. बेरीज १,६२०.

आता उशिराचं व्याज. कापायलाच उशीर झाला तर महिन्याला १ टक्का, आणि महिन्याचा तुकडा म्हणजे अख्खा महिना. १,०५० वर जुलै ते ऑक्टोबर चार महिने ४२ रुपये. २९० वर तीन महिने ८ रुपये ७० पैसे. २८० वर दोन महिने ५ रुपये ६० पैसे. सगळं मिळून ५६ रुपये ३० पैसे. ५७ धरा.

रंधा_पटाशी

सत्तावन्न??? रुपये???

खतावणी

😄 हो. पण हे आत्ता पकडलं म्हणून. हेच पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर कळलं असतं तर १,६२,००० च्या ३० टक्के खर्च, म्हणजे ४८,६००, नफ्यात परत धरला असता आणि त्यावर कर. आणि टीडीएस रिटर्नला उशीर झाला की रोजचे २०० रुपये लेट फी, टीडीएसच्या रकमेइतकी होईपर्यंत चढत राहते. म्हणून टॅन हातात येईल त्या दिवशी चलन २८१ (टीडीएस भरायचं) भरा, ७ नोव्हेंबरची वाट बघत बसू नका.

फिटिंगवाली फर्म आहे म्हणून २ टक्के, आणि एकच बिल ३०,००० च्या वर. जीएसटी बिलात वेगळा दाखवलाय ना? मग १५,३०० जीएसटीवर कापायचा नाही, ८५,००० वरच, १,७००. बिल आणि पेमेंट दोन्ही ऑगस्टचंच धरलं तर व्याज तीन महिन्यांचं, ५१ रुपये.

ड्रॉइंगवाल्या मुलीचं बघा नीट. ते १९४जे (प्रोफेशनल फीचं कलम), मर्यादा यंदा एप्रिलपासून ३० ची ५० हजार झाली. सप्टेंबरपर्यंत तिचे ४८,०००. ऑक्टोबरचं बिल आलं की ५६,००० होतील आणि तुमचा सीए डिझाइन म्हणून प्रोफेशनल धरेल, १० टक्के, ५,६०० एकदम. तिच्या ८,००० मधून ५,६०० गेले तर हातात २,४००. तिला आजच फोन करा, बिल हातात पडल्यावर नको. वर्षभर काम चालणार हे माहीत असतं तेव्हा एप्रिलपासूनच कापत जावं ते याच्यासाठी.

पाठीवरचं_ओझं

टेम्पोवाल्याचं मी सांगतो, माझाच धंदा आहे. मालवाहतुकीचा, १० किंवा कमी गाड्या असतील आणि तसं डिक्लरेशन पॅन नंबरसकट लिहून दिलं तर कापायचा नाही. माझ्या दोन गाड्या. दर एप्रिलला सगळ्या पार्ट्यांना एक कागद पाठवतो सही करून. तरी दोन-तीन जण कापतातच, म्हणतात आमचं सॉफ्टवेअर ऐकत नाही. आणि न कापलेलं पेमेंट सुद्धा तुमच्या २६क्यू (तिमाही टीडीएस रिटर्न) मध्ये दाखवायचं असतं, ते विसरतात.

अवांतर: डिझेलचे पैसे रोख देणाऱ्यांनी लक्षात ठेवा, एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले की तो खर्च इन्कम टॅक्सला धरत नाहीत. आम्हा वाहतूकवाल्यांसाठी ३५,०००. पॉलिशवाल्याला नाही ही सूट.

हाफचड्डी_डेव्हलपर

धागा पळवत नाही पण माझा पण प्रश्न याच्यातच बसतो. आमची चार जणांनी मिळून काढलेली सॉफ्टवेअर कंपनी. एका मुलीला महिना १,१५,००० पगार. आमचा अकाउंटंट म्हणतो टीडीएस डिसेंबरनंतर कापू, तेव्हा इन्व्हेस्टमेंटचे पुरावे येतात, आताच कापून उगाच का दुखवायचं. तिला तर आवडलंय हे 😐

खतावणी

मार्चमध्ये नाही आवडणार. वर्षाचे १३,८०,०००. ७५,००० वजा, राहिले १३,०५,०००. पहिले ४ लाख शून्य, ४ ते ८ वर ५ टक्के २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के ४०,०००, वरच्या १,०५,००० वर १५ टक्के १५,७५०. झाले ७५,७५०. चार टक्के सेस ३,०३०. एकूण ७८,७८०. बारा महिन्यांत वाटलं तर ६,५६५ महिन्याला, कुणाच्या लक्षातही येत नाही. जानेवारी ते मार्च तीनच महिन्यांत कापलं तर दर महिन्याला २६,२६०. तिचा घराचा हप्ता असेल तर ती तुमच्या नावाने बोटं मोडेल.

आणि नवीन रिजीममध्ये पुरावे कसले घेताय? ८०सी (गुंतवणुकीची सूट), एचआरए (घरभाड्याची) तिथे चालतच नाही. जिला जुनी रिजीम हवी तिने वर्षाच्या सुरुवातीला लिहून द्यायचं, नाही दिलं तर नवीनच धरायची, ती आता डिफॉल्ट आहे. मधूनच जॉइन झालेली असेल तर आधीच्या नोकरीचा पगार आणि कापलेला कर तिच्याकडून फॉर्म १२बी मध्ये घ्या. नाहीतर दोन्ही कंपन्या ४ लाखाची सूट आणि स्टँडर्ड डिडक्शन दोन-दोनदा देऊन मोकळ्या होतात आणि जुलैत तिला एकदम पन्नास-साठ हजार स्वतः भरायला लागतात.

हाफचड्डी_डेव्हलपर

बापरे. मग तिला कन्सल्टंटच करून टाकलं तर? सरळ १० टक्के कापायचे, पीएफ नको, ग्रॅच्युइटी नको, तिलाही ४४एडीए (प्रोफेशनल लोकांसाठी अंदाजी उत्पन्नाचं कलम) मध्ये निम्मंच उत्पन्न दाखवता येतं. आमच्या ओळखीत अर्धे लोक असंच करतात.

सहा_बाय_आठची_केबिन

हेच वाचायला थांबलो होतो. मी त्या 'अर्ध्या लोकां'पैकी, पण दुसऱ्या बाजूने. तीन वर्षं 'कन्सल्टंट' होतो एका कंपनीत, नाव सोडा. साडेनऊला थंब, साडेसहाला थंब, रजेसाठी मेल, लॅपटॉप त्यांचा, दुसरीकडे काम करायला बंदी. कन्सल्टंट म्हणे. आजारी पडलो तेव्हा २२ दिवसांचे पैसे कापले, कारण कन्सल्टंटला रजा नसते. थंबचा रिपोर्ट काढून कापले!

खतावणी

ते थंबचे रिपोर्टच उद्या कंपनीच्या विरोधात पुरावा होतात. कागदावर काय लिहिलंय यापेक्षा वेळ कोण ठरवतो, हत्यारं कुणाची, कामाची पद्धत कोण सांगतो, माणूस बदली पाठवू शकतो का, हे बघतात. रंधादादांचा पॉलिशवाला स्वतःची पोरं आणतो, स्वतःचा कॉम्प्रेसर आणतो, दुसऱ्या शेडचंही काम घेतो, फुटावर पैसे. तो ठेकेदार. तुमची डेव्हलपर रोज दहा ते सात तुमच्या खुर्चीत बसते. ती नोकर. ठरवून नाव बदललं तर इन्कम टॅक्सवाला १९२ लावेल ते परवडलं, पीएफवाला मागची सगळी वर्षं काढेल ते नाही परवडणार.

रंधा_पटाशी

पीएफवरून आठवलं. माझे ६ जण, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) काही नाही भरत. चालतंय ना? फक्त प्रोफेशनल टॅक्स कापतो २०० रुपये.

खतावणी

पीएफ २० माणसं झाली की, आणि त्यात ठेक्यावरची पण मोजतात हे लक्षात ठेवा. ईएसआय कारखान्यात १० माणसं झाली की, २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. तुमचे ६ अधिक पॉलिशवाल्याचे ३, नऊ. शेडमध्ये अजून एक हेल्पर आला की दहा. त्या दिवसाच्या आधी माझ्यासारख्या कुणाशी तरी बोला. १८,००० पगाराला कामगाराचे १३५, तुमचे ५८५. आणि एकदा पगार २१,००० च्या वर गेला तरी तो सहामाही काळ संपेपर्यंत (एप्रिल-सप्टेंबर, ऑक्टोबर-मार्च) कापत राहायचं, लोक त्याच महिन्यात बंद करतात.

कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ-ईएसआयचा वाटा १५ तारखेच्या आत भरला नाही तर तो खर्च म्हणून कायमचा गेला, नंतर भरला तरी परत मिळत नाही. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलंय. कारण तो पैसा तुमचा नव्हताच, त्याचा होता, तुमच्या खिशात दोन आठवडे मुक्कामाला आला होता.

प्रोफेशनल टॅक्स: फेब्रुवारीत ३०० कापता ना? अकरा महिने २००, फेब्रुवारी ३००, वर्षाचे २,५००. आणि बायकांना महाराष्ट्रात २५,००० पगारापर्यंत माफ आहे एप्रिल २०२३ पासून. तुमच्याकडे बाई आहे का कुणी?

रंधा_पटाशी

आहेत एक, लॅमिनेट कापायला, १६,०००. त्यांचे पण २०० कापतोय 🙈

खतावणी

मग परत द्या त्यांचे. दिवाळीच्या आत द्या, खूश होतील.

चहा_बिनसाखरेचा

आमच्याकडे मालक उचल वजा करून उरलेल्या रकमेवर टीडीएस कापतो. ५०,००० चं काम, २०,००० उचल आधीच घेतलेली, तर ३०,००० वर १ टक्का. बरोबर का?

खतावणी

चूक. टीडीएस बिल आणि पेमेंट यात जे आधी होईल तेव्हा. म्हणजे ठेकेदाराला उचल दिली त्याच दिवशी २०,००० वर कापायचा (मर्यादा ओलांडणार असेल तर), आणि बिल आलं की उरलेल्या ३०,००० वर. एकूण ५०० च जाणार. पगाराचं वेगळं आहे, तिथे पगार देताना कापतात. आणि पगारदाराच्या उचलीची वसुली मालकाची मर्जी नाही, कामगाराच्या सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. काच फोडली, प्लाय वाया घालवला म्हणून तिथल्या तिथे कापायचं नाही, त्याला आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते. हे मात्र कुणीच पाळत नाही असं दिसतं.

भागीदार_नंबर_दोन

एक भर. भागीदारी फर्म असेल तर यंदा एप्रिलपासून १९४टी आलंय. भागीदाराला दिलेला पगार, व्याज, कमिशन मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के. आम्ही दोघे भाऊ महिन्याला ४०-४० उचलत होतो, दोघांनाही पत्ता नाही. घरातल्या घरात टीडीएस!

सहा_बाय_आठची_केबिन

माझा उलटा प्रश्न राहिला. नंतरच्या नोकरीत स्लिपवर टीडीएस कापलेला दाखवला, २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) मध्ये काहीच नाही, फॉर्म १६ पण दिला नाही. कंपनीने गिळला. आता मला डिमांड आलीय.

खतावणी

कलम २०५ आहे त्यासाठी. तुमचा कापला गेला असेल तर तेवढा कर परत तुमच्याकडून मागता येत नाही, मालकाने भरला नाही हा त्यांचा आणि खात्याचा मामला. पण कापला हे सिद्ध तुम्हाला करावं लागतं. सगळ्या सॅलरी स्लिपा, बँक स्टेटमेंट, ऑफर लेटर एकत्र करा, डिमांडला ऑनलाइन 'मान्य नाही' असं उत्तर द्या आणि तुमच्या असेसिंग ऑफिसरला लेखी द्या. दर तीन महिन्यांनी २६एएस बघत जा म्हणून मी सगळ्यांना ओरडत असते. मालक म्हणतो भरलं, म्हणजे भरलं असं नसतं.

बिनपगारी_फुलअधिकारी

खतावणीताई, माझी २९,५०० वाली चूक कबूल. पण येत्या एप्रिलपासून सगळी कलमंच बदलतायत ना? मग हे पाठ करून काय उपयोग.

खतावणी

नंबर बदलतायत. आयकर कायदा २०२५, १ एप्रिल २०२६ पासून, पगाराला कलम ३९२ आणि बाकी सगळं ३९३ मध्ये एका तक्त्यात. पॉलिशवाला तोच राहणार.

रंधा_पटाशी

अपडेट द्यायला आलो. टॅन आला. आज पॉलिशवाल्याला बसवून सांगितलं की तुझे १,६२० सरकारकडे जमा करतोय, पुढच्या बिलातून वळते करीन. आधी त्याचा पॅन पोर्टलवर तपासला, आधारशी जोडलेला नसता तर १ च्या जागी २० टक्के, म्हणजे ३२,४०० झाले असते हे वाचून घाम फुटला होता. जोडलेला निघाला. कार्ड मोबाईलच्या कव्हरमध्ये ठेवलेलं, थिनरने अर्धं पुसलंय, शेवटचं अक्षर बॅटरी मारून वाचलं.

तो तसा शांतपणे ऐकत होता. मी सांगितलं तुझं उत्पन्न चार लाखाच्या आत आहे, रिटर्न भर, मी फॉर्म १६ए (टीडीएस कापल्याचा दाखला) देतो, सगळे पैसे तुझ्या खात्यात परत येतील. तर ब्रश पुसत पुसत म्हणतो, "शेठ, परतच द्यायचे आहेत तर घेताय कशाला?"

ताई, याला काय उत्तर देऊ?

खतावणी

त्याचा रिटर्न मी फुकट भरून देते म्हणून सांगा. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.